निर्यात मालाची परीक्षा आरंभीच हवी
(इंदूर येथे लघुउद्योजक, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूर आणि कारखानदारी यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात येथे कापडगिरणी उभी राहिली. आज शेजारच्या धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे वाहने, औषधे व कापड तयार होते आणि त्यांपैकी पुष्कळ माल परदेशी जातो. तो मागविणारा आयातदार दूर असल्यामुळे आपल्या वतीने निरीक्षक नेमतो. हा निरीक्षक केव्हा यावा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

अनेकदा तो माल खोक्यांत भरल्यावर येतो. हे वरातीमागून घोडे होय. समजा, तीन हजार सदऱ्यांची मागणी आहे आणि कॉलरचा साचाच अर्ध्या इंचाने चुकला आहे. पहिले तीनशे सदरे शिवून होताच ही चूक ध्यानात आली, तर साचा बदलून उरलेले कापड वाचविता येते. तीन हजार शिवून झाल्यावर आली, तर कापड गेले, मजुरी गेली, जहाजाची तारीखही गेली. शिवाय नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या पदरी नापसंत मालाचा भुर्दंड पडतो. चूक साच्याची असते, शिक्षा हाताला होते.

म्हणून निरीक्षणाची पहिली पायरी कच्च्या मालाची. तागा, दोरा, बटणे ही मान्य नमुन्याशी ताडून पाहावीत. दुसरी पायरी पहिल्या नगांची. साधारणतः दहा ते वीस टक्के माल तयार झाला की मापे, शिलाई व रंग तपासावे. अखेरची तपासणी त्यानंतरही हवीच. पण तिच्यावर सारा भार टाकू नये.

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. ते खरे, कारण भात एकाच भांड्यात एकाच आचेवर शिजतो. कारखान्यातील माल मात्र अनेक दिवस, अनेक हातांनी तयार होतो. म्हणून नमुने वरच्याच खोक्यातून न घेता सर्व खोक्यांतून घ्यावे लागतात. 'भारतीय मानक २५००' मध्ये यासाठी कोष्टके दिली आहेत. त्यांतील नेहमीच्या पातळीनुसार तीन हजार नगांतून १२५ नग निवडतात. दोषांची मान्य पातळी अडीच टक्के ठरली असेल, तर सदोष नग सातपर्यंत निघाल्यास माल स्वीकारतात, आठ निघाल्यास नाकारतात. शिक्षकांनी शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

सदऱ्यातील दोषाने पैसा जातो. औषधातील दोषाने प्राण जातात. २०२२ मध्ये गांबियातील साठांहून अधिक बालमृत्यूंशी भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांचा संबंध जोडला गेला. त्यानंतर १ जून २०२३ पासून अशी औषधे निर्यातीपूर्वी प्रयोगशाळेत तपासणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. तरीही २०२५ मध्ये याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष शेकडा ४८.६ आढळले, मान्य मर्यादा शेकडा ०.१ आहे. ते औषध देशातच विकले गेले होते. परदेशी ग्राहकासाठी एक काटा आणि घरच्या लेकरासाठी दुसरा, असे कसे चालेल? औषधात वापरावयाच्या द्रावकाचे पिंप उघडताच त्याची परीक्षा होणे, हाच यावर पहिला उपाय आहे.

शासनाच्या पातळीवर १९६३ चा निर्यात गुणवत्ता नियंत्रण व तपासणी अधिनियम आणि १९६४ मध्ये स्थापन झालेली निर्यात निरीक्षण परिषद यांनी ही दिशा दाखविली. प्रत्येक पाठवणीच्या तपासणीबरोबरच उत्पादन चालू असतानाच्या नियंत्रणाची पद्धतही परिषदेने पुढे स्वीकारली.

उद्योजकांना माझी विनंती आहे, की निरीक्षकाला शिपाई समजू नका आणि पाहुणाही समजू नका. त्याला चालू यंत्रापाशी न्या, पहिला नग त्याच्या हाती द्या. त्याने दाखविलेला दोष त्याच दिवशी कारागिराला समजावून सांगा. निरीक्षकानेही जे पाहिले तेच लिहावे. त्याच्या अहवालामुळे कारखानदाराची जबाबदारी संपत नाही. ती वेळेवर पार पाडण्याची संधी मात्र मिळते.