वही आणि वखार

शाळेंत असतां माझ्या हातून एक चूक घडली. तिच्यापासूनच आरंभ करतों. जागा अपुरी पडूं लागली म्हणून जुनीं रजिस्टरें ट्रंकांत भरून मीं माळ्यावर ठेवविलीं. कोणत्या ट्रंकेंत कोणत्या सालचें रजिस्टर आहे याची एक वही केली, आणि ती हरवूं नये म्हणून त्यांतल्याच एका ट्रंकेंत घातली! पुढें एक गृहस्थ मुलीच्या जातपडताळणीसाठीं आपल्या आजोबांच्या नोंदीचा उतारा मागावयास आले. सतरा ट्रंका उपसल्या. उतारा मिळाला, पण मुलीच्या प्रवेशाची मुदत टळून गेल्यावर.

हल्लीं छायाचित्रें, चित्रपट, क्ष-किरणांच्या प्रतिमा, पेढ्यांचे हिशेब ज्या संगणकीय वखारींत सांठवितात, तेथेंही हाच प्रश्न असतो. या पद्धतीला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. अमेझॉन कंपनीची ‘एस-थ्री’ ही अशी वखार २००६ सालीं उघडली. २०१६ पासून तिचें एक ठाणें मुंबईंतही आहे. येथें कपाट, खण, पुडकें अशी उतरंड नाहीं. प्रत्येक वस्तूला एक पूर्ण नांव असतें. तें सांगितलें कीं वस्तु हातीं यावी. तिच्याविषयींची माहिती, म्हणजे आकार, ठेवल्याची वेळ, मजकूर बिघडला नाहीं हें पडताळण्याची खूण आणि ती सध्यां कोणत्या थरांत आहे तें, वेगळी नोंदलेली असते. हाच मेटाडेटा.

थर कशासाठीं? तत्काळ मिळणारी जागा महाग, उशिरां मिळणारी स्वस्त. २०१२ सालीं ‘ग्लेशियर’, म्हणजे हिमनदी, या नांवाचा स्वस्त थर निघाला. २०१९ सालीं त्याहून खोल असा एक निघाला, त्यांतून वस्तु वर यावयास सामान्यतः बारा तासांपर्यंत लागतात. नांवें ठेवणारा रसिक असला पाहिजे!

परंतु खरी खुबी पुढेंच आहे. वस्तु हिमनदींत गेली तरी तिची नोंद दर्शनी दालनांतच राहते. यादी मागा, नांव व थर तत्क्षणीं दिसतात. वस्तु मागितली तर मात्र नकार येतो. आधीं ती वर आणण्याची विनंति करावी लागते. मग ठरविलेल्या दिवसांपुरती एक प्रत वर येते, मूळ खालींच राहतें, आणि प्रत कधीं संपणार तेंही नोंदींत कळतें. माझ्याजवळ अशी वही खालीं असती, तर त्या गृहस्थांना निदान किती वेळ लागेल तें सांगतां आलें असतें. त्यांनीं मुदत वाढवून मागितली असती.

या नोंदीला भाडेंही पडतें. ग्लेशियरमधील प्रत्येक वस्तूमागें आठ किलोबाइट वरच्या थराच्या दरानें आणि बत्तीस किलोबाइट खालच्या दरानें आकारतात. दोन किलोबाइटची चिठ्ठी खालीं धाडणें म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. चिठ्ठ्यांचा आधीं एक गठ्ठा बांधावा हें बरें.

दुसरा पंथ गणिताचा. सेज वाइल यांनीं कॅलिफोर्नियांत रचलेल्या व २००६ सालीं शोधनिबंधरूपानें मांडलेल्या ‘सेफ’ या यंत्रणेंत जागा वहींत शोधावी लागत नाहीं. नांवावरून एका गटाचा क्रमांक निघतो, आणि गट व चकत्यांचा नकाशा यांवरून चकती निघते. प्रत्येक मागणारा हें गणित स्वतःच करूं शकतो. कारकुनापुढें रांग लागत नाहीं. मीं ऐकलें तेव्हां वाटलें, वहीची ब्यादच गेली! पण वस्तु गेल्या महिन्यांत कोणी मागितली कीं नाहीं, हें नांवावरून कसें निघेल? म्हणून थर मात्र लिहूनच ठेवावा लागतो. सेफच्या वखारींत वस्तु खालच्या थरांत गेली, तर तिचें लहानसें शीर्ष वर राहतें, आणि धड कोठें आहे तें त्यांत नोंदलेलें असतें.

स्थलांतराचा क्रमही महत्त्वाचा. आधीं खालीं प्रत करावी, ती मुळाशीं ताडून पाहावी, मग नोंद बदलावी आणि सरतेशेवटीं वरची प्रत पुसावी. मध्येंच वीज गेली तर फार तर एक प्रत जास्त होते; वस्तु बुडत नाहीं. नोंद आधीं बदलली, तर मात्र वही जेथें बोट दाखविते तेथें कांहींच नसतें.

आमच्या शाळेची वही आतां मुख्याध्यापकांच्या मेजाच्या खणांत असते. तिची दुसरी प्रत मीं माळ्यावर ठेविली आहे. पण ती ट्रंकेबाहेर, खिळ्याला टांगून.