मागावरची माणसं, मुलांच्या कॅमेऱ्यात

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागात फिरलं, की अहिराणी कानावर येते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत गाडीने आलेली ही माणसं, कित्येक जण यंत्रमागावर राबणारी. सुरतेची साडी देशभर पोचते. ते कापड विणणाऱ्याची गोष्ट मात्र पडद्यावर क्वचितच दिसते.

ती सांगायला मोठा स्टुडिओ लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले नागराज मंजुळे अहमदनगरच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेला एक गरीब मुलगा, एवढीच गोष्ट. त्या लघुपटाला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मोलाचं वाटतं ते हे, की मंजुळे त्या जगण्याकडे परक्यासारखे पाहत नव्हते.

सुरत महापालिकेच्या मराठी शाळांतून कॉलेजात गेलेल्या मुलामुलींनो, मोबाइल तुमच्याकडे आहेच; मागावरच्या आपल्या माणसांची गोष्ट त्यावर टिपा. मागांच्या खडखडाटात बोलणं नीट टिपलं जात नाही. पाळी सुटल्यावर ते घरी टिपा. आधी परवानगी घ्या. तुमच्या आजीला अहिराणीतच बोलू द्या, आणि तयार झालेली फिल्म सगळ्यात आधी तिलाच दाखवा.