सुईण, दाई, नर्सबाई : आपण कोणाला काय म्हणतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चालक भगिनींनी मला 'दोन शब्द बोला' अशी आज्ञा केली. मी काही विदुषी नव्हे. तेव्हा विचार केला, दोन शब्दच बोलायचे तर दोन शब्दांविषयीच बोलावे. सुईण आणि दाई हे ते शब्द. आपल्यातील साठी ओलांडलेल्या बहुतेकजणी अशाच कोणाच्या तरी हातांत पहिल्यांदा रडल्या असतील.

लहानपणी मला वाटे, सुईण म्हणजे सुई टोचणारी. पुढे शाळेतल्या बाईंनी उलगडा केला. 'सू' म्हणजे जन्म देणे. त्यावरून प्रसूती, त्यावरून सूतिकागृह, आणि त्याच घराण्यातली आपली सुईण. दाई हा शब्द फारसीकडचा. तिकडे दाया म्हणजे लेकराला दूध पाजणारी, सांभाळणारी. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तिकडचे शब्द आपल्या अंगणात सहज रुळले. इंग्रजीतल्या मिडवाइफ शब्दाचा मूळ अर्थ तर 'स्त्रीच्या सोबत असणारी' असा आहे. तीन भाषा, तीन शब्द, पण एकातही कमीपणा नाही. कमीपणा घातला तो आपण.

माझेच उदाहरण सांगते. नळदुर्गजवळच्या खेड्यात १९७६ साली माझे पहिले बाळंतपण झाले. गावची सुईण आजी रात्रभर माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. मी घाबरले की म्हणे, "दम धर लेकी. लेकरू त्याच्या वाटनं येतंय, आपुन घाई करायची न्हाई." पहाटे मी हातीपायी सुटले. पुढे बारा दिवस ती रोज येई. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घाली, माझे अंग चोळी, शेगडीचा शेक देई. बाळंतपण म्हणजे केवळ ती एक रात्र नव्हे, सव्वा महिन्याची सगळी सेवा त्यात आली, हे मी तिच्याकडून शिकले. आता आपण 'डिलिव्हरी झाली' म्हणतो, आणि त्या शब्दाबरोबर पुढचे दिवस विसरतो.

त्या रात्री सासूबाई तिला म्हणाल्या, "तुमी देवावानी धावून आलात." पाचवीला तिला खण-नारळ दिला, ओच्यात जोंधळे घातले; पण घातले ते वरून. ती उंबऱ्याच्या आत बसली नाही आणि आम्ही तिला बसविले नाही. रात्री देव आणि दिवसा विटाळ! मी तेव्हा नवी सून; गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

तीन वर्षांनी माझी धाकटी जाऊ बाळंत झाली. मूल सुखरूप, पण रक्त थांबेना. सुईण आजीने पोट चोळून पाहिले आणि लगेच सांगितले, "हे माज्या हातातलं न्हाई. गाडी जुपा, सोलापूरला न्या." घरातल्या पुरुषांनी विचार करण्यात तास घालविला. गाडी डांबरी सडकेला लागण्याआधीच माझी जाऊ गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सुईण आजीचे नाव 'ती अडाणी दाई' असे पडले. वेळेवर खरे बोललेली एकटी तीच, आणि अडाणी तीच ठरली!

भगिनींनो, यावरून 'पूर्वीचेच बरे होते' असा अर्थ कृपा करून काढू नका. असा रक्तस्राव नुसत्या हातांनी थांबत नाही. त्याला औषध लागते, रक्त लागते, कधी शस्त्रक्रिया लागते. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, हेच माझे मत आहे. जगातल्या आरोग्य संस्थांनीही १९९० नंतरच्या काळात 'पारंपरिक दाई' आणि 'कुशल प्रसूतिसेविका' असा भेद केला तो याच कारणाने. तो भेद कामाचा आहे. परंतु कामाचा भेद सांगणारा शब्द माणसाची किंमत ठरविणारा शब्द होऊ नये.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद होते. त्या अर्जात प्रसूतीच्या वेळी मदत कोणाची होती, असा एक रकाना असतो. दवाखाना, डॉक्टर किंवा नर्स, पारंपरिक दाई, नातेवाईक वा इतर, यांपैकी एकावर खूण करायची. आईचे नाव लिहितात, वडिलांचे लिहितात. सोडविणारीची मात्र नुसती खूण.

आज तिच्या कामाचा एक भाग आशाताईंकडे आला आहे. २००५ पासून ही योजना सुरू झाली. आशाताई बाळंतपण करीत नाहीत. त्या गरोदर बाईला दवाखान्यात घेऊन जातात, धीर देतात. नंतर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येऊन बाळाचे वजन, ताप, अंगावरचे पाजणे पाहतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायकांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेवविली, तिचाच हा विस्तार. बेचाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिनाच की! आणि या ताईंना आपण काय म्हणतो? "ए आशा, इकडं ये." आशा हे योजनेचे नाव आहे. त्या बाईला तिचे स्वतःचे नाव आहे.

म्हणून मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, आशाताई आणि नर्सबाई यांना त्यांच्या नावाने, ताई-बाई म्हणून मानाने हाक मारावी. दुसरी, प्रत्येकीने आपल्या गावच्या जुन्या सुईणीचे नाव विचारून लिहून आणावे, म्हणजे पुढच्या स्मरणिकेत ती यादी छापता येईल.

या भाषणासाठी मी आमच्या सुईण आजीचे नाव शोधू लागले. घरात विचारले, शेजारी विचारले. सगळ्यांना ती आठवते, तिचा हात आठवतो. नाव कोणालाच ठाऊक नाही. माझी दोन्ही मुले तिच्या हातची, आणि मलाही ते सांगता येत नाही. तिचे एक नातलग तुळजापुरास असतात असे कळले आहे. या मंगळवारी मी तिकडे जाणार आहे.