एका स्फटिकाविषयी



अध्यक्षीय भाषणात साऱ्या विज्ञानाचा धांडोळा घ्यावा असा प्रघात आहे. मी मात्र एकाच स्फटिकाबद्दल बोलणार आहे, कारण आपल्या एम.एस्सी.च्या वर्गात तो पोहोचायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

हा स्फटिक युरोपियम, मँगनीज आणि बिस्मथ यांचा. बिस्मथ मुद्दाम जास्त घेऊन तिन्ही धातू अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत घालायचे, मूस निर्वात क्वार्ट्‌झ नळीत सील करायची, भट्टी हजार अंशांवर न्यायची आणि मग ताशी दोनेक अंशांनी उतरवायची. चारशेवर यायला बारा-तेरा दिवस जातात. तिथे नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वितळलेलं बिस्मथ निथळतं आणि चकचकीत, चपटे स्फटिक हाती लागतात.

आतली रचना थरांची आहे. बिस्मथच्या चौकोनी जाळीतले काही इलेक्ट्रॉन वस्तुमान जवळजवळ नसल्यासारखे धावतात. पॉल डिरॅक यांनी १९२८ साली मांडलेल्या समीकरणाची सोपी आवृत्ती त्यांना लागू पडते. ग्राफीनमध्येही हेच दिसतं, पण ग्राफीन स्वतः चुंबकीय नाही. इथे बिस्मथच्या दोन जाळ्यांमध्ये मँगनीज आणि युरोपियमचे चुंबकीय थर आहेत. मँगनीजची चुंबकीय मांडणी सुमारे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, म्हणजे नगरच्या मे महिन्यातल्या दुपारपर्यंत. युरोपियमची मात्र उणे २५१ अंशांच्या खालीच लागते.

आणि सगळी सूत्रं या युरोपियमच्या हाती आहेत. बाहेरचं क्षेत्र नसताना त्याच्या अणूंचे चुंबक थरांना लंब उभे असतात; बिस्मथच्या एका बाजूला तोंड वर, तर दुसऱ्या बाजूला खाली. त्याच लंब दिशेने साधारण ५.३ टेस्लाचं क्षेत्र दिलं की ते एकदम आडवे होतात. तेवढ्याने एका बिस्मथ थरातून दुसऱ्यात जाण्याची वाट अडते आणि त्या दिशेचा विद्युतरोध झपाट्याने चढतो. प्रवरेच्या पाटावर दार उतरवलं की पाणी ज्या त्या चारीत राहतं, तसे इलेक्ट्रॉन आपापल्या थरात राहतात. जपानी संशोधकांनी २०१६ साली याच अवस्थेत, तीव्र क्षेत्रात, अर्धपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम नोंदवला, तोही अखंड स्फटिकात! एरवी त्यासाठी अतिशय पातळ थर तयार करावा लागतो. चुंबकत्व आणि विद्युतवहन ही दोन सुटी प्रकरणं म्हणून शिकवणं आता थांबवलं पाहिजे.

अणूंचे चुंबक कुठे वळले आहेत हे न्यूट्रॉन सांगतो, कारण तो स्वतःच चुंबकीय आहे. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. ट्रॉम्बेत १९५६ साली अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, पी. के. अय्यंगार यांनी न्यूट्रॉन विकिरणाचं काम उभं केलं, आणि १९८५ मध्ये तिथेच १०० मेगावॅटची ध्रुव आली. युरोपियम मात्र न्यूट्रॉन फार शोषतो. म्हणून त्याची मांडणी सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी उलगडावी लागली.

ध्रुववर प्रयोग करायला अणुऊर्जा खात्यातच नोकरी हवी, ही समजूत कृपा करून सोडा. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं मुंबई केंद्र विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या संशोधकांसाठीच आहे. अडचण आहे ती चांगल्या नमुन्याची. म्हणून माझी सूचना अशी, की संगमनेर, श्रीरामपूर, लोणी आणि नगर इथल्या भौतिकशास्त्र विभागांनी मिळून एक भट्टी उभारावी, ताशी दोन अंश नेमके उतरवणाऱ्या कंट्रोलरसह. युरोपियम महाग, शिवाय हवेत टिकत नाही. तेव्हा सुरुवात बिस्मथ टेल्युराइडपासून करू, हात बसला की त्यात मँगनीज आणू. मँगनीज, बिस्मथ आणि टेल्युरियम या तिघांचं थरांचं संयुग आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासलं जातंय. पहिला प्रस्ताव लिहायला मी स्वतः तुमच्यासोबत बसेन; जेवणाच्या सुट्टीत विभागप्रमुखांनी मला भेटावं.