अंगणातला रामशेज

दिवाळीतला मातीचा किल्ला मी तीस वर्षांनी पुन्हा केला. अमेरिकेत 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे सोंगे घेतात अन् अडलेल्या जागी फासा निकाल देतो. पुढे व्हायकिंग दर्यावर्दींच्या स्वाऱ्याही त्यात आल्या. मुलीने ही तऱ्हा आमच्या किल्ल्याला लावली. नाशकात दर्या कुठला? आम्ही आशेवाडीचा रामशेज घेतला. 1682 साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि तो गड वर्षानुवर्षे झुंजला.

मोगल व्हायला कोणी तयार होईना. शेवटी मीच शहाबुद्दीनखान झालो. बसल्याबसल्या पहिली चिंता पडली ती तोफांची नव्हे, दाणावैरणीची! एवढ्या फौजेला अन् घोड्यांना खायला आणायचे कुठून? इतकी वर्षे इतिहास शिकवतो आहे, पण खरं सांगतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

गुरुजी, वर्गात हा खेळ जरूर घ्या. मात्र खानाचे सोंग चांगल्या हुशार पोराला द्या, म्हणजे गडकऱ्यांना झोप लागायची नाही. आमचा गड तिसऱ्या रात्री पडला. फितुरीने नव्हे, फाशाच्या एका दानाने. थोरली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.