शब्दांची कसोटी
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ह्या आपल्या वरणगावात १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिली आणि तपासणी म्हणजे काय हे येथील पोरासोरांसही कळू लागले. काडतुसांच्या लॉटमधून नमुने काढावे, गेजने मापावे, झाडून पाहावे, आणि मगच माल पुढे जाऊ द्यावा. तेथे चाकरीस असलेल्या एका तरुणाने आम्हांस विचारले, "फादर, 'देव आमचा पिता आहे' ह्या वाक्यास कोणते गेज लावावे? लावता येत नसेल, तर ते वाक्य खोटेही नव्हे. तो नुसता आवाज होय."

प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडातील तत्त्वज्ञ ए. जे. एअर ह्यांनी १९३६ साली 'लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक' ह्या ग्रंथात हेच मांडले होते. त्यावर आमच्यापैकी विद्वान मंडळी हटकून विचारतात, की ही कसोटी तरी कोणत्या अनुभवाने पडताळली? विचारणे रास्त आहे. एअर ह्यांनी १९४६ साली आपल्या कसोटीची डागडुजी केली, तर तिच्यातून जवळजवळ वाटेल ते विधान पार होते असे अलोन्झो चर्च ह्यांनी १९४९ साली दाखवून दिले. परंतु दुसऱ्याचे गेज मोडके निघाले म्हणून आपला माल चोख ठरत नाही, हे निर्माणीतला कोणीही कामगार सांगेल.

उत्तर शोधताना आम्हांस पुष्कळ वर्षांपूर्वीचे, दुसऱ्या गावचे एक दफन आठवले. बालकाची लहानशी पेटी होती. प्रार्थनेत "स्वर्गीय पित्या" असे म्हणताच त्याची आई मोठ्याने म्हणाली, "कसला पिता?" आमची वाचा बंद झाली. तो शब्द नुसता आवाज असता, तर तिच्या जिव्हारी लागला असता काय? निरर्थक शब्दाशी कोणी भांडत नाही. पिता कसा असावा हे तिला पक्के ठाऊक होते, म्हणूनच तो शब्द तिला सोसवेना.

ह्यावरून देव आहे असे सिद्ध होत नाही; तसा आमचा दावाही नाही. संत थॉमस अक्विनास ह्यांची शिकवण अशी, की 'पिता' हा शब्द देवास लावताना तो मनुष्यासारखा जसाच्या तसा लागत नाही, आणि अगदी निराळ्या अर्थानेही लागत नाही. ह्या शिकवणीचा आम्ही धर्मगुरू सोयीने उपयोग करतो, हे आज कबूल केले पाहिजे. पीक आले की "पाहा, पित्याची माया!", आणि पोर गेले की "त्याचे मार्ग निराळे." काहीही घडले तरी जे वाक्य ढळत नाही, ते सांगते तरी काय, असे अँटनी फ्ल्यू ह्यांनी १९५० साली विचारले. तो बाण आमच्या वर्मी बसला आहे.

त्या आईस आम्ही "त्याचे मार्ग निराळे" असे म्हणालो नाही. क्रुसावरून प्रभूनेही पित्यास 'का?' असे विचारले होते, एवढे मनात येऊन आम्ही तिच्यापाशी उभे राहिलो. पुढे काही महिन्यांनी ती मिस्सेस येऊ लागली. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतील पहिल्या हाकेस ती ओठ मिटून घेई आणि पुढची प्रार्थना सर्वांबरोबर म्हणे. आम्ही तिला कधी टोकले नाही.