आजोबांनी लपवलेली जोडी

आमच्या आर्वीकडच्या घरात दिवेलागणीला ‘बुळकांडी’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. माझ्या जन्माआधी गावात लस टोचणारे आले, तेव्हा आजोबांनी गवळाऊ बैलांची जोडी वाडीत लपवली. ऐन वखरणीत बैल ढिले पडतील, ही भीती. पुढे बुळकांडी आली. तोंडात चट्टे, डोळ्यांतून पाणी आणि मग घाण वासाची, न थांबणारी हगवण. आठवड्यात दोन्ही बैल गेले. त्या पोळ्याला आजोबा तोरणाखाली रिकाम्या हातांनी उभे राहिले, असं अब्बा सांगत.

हा रोग विषाणूचा. आजारी जनावराच्या श्वासातून, लाळेतून, शेणातून तो कळपात पसरे. त्यावर औषध नव्हतं, लस होती. देशात १९५४ पासून लसीकरणाची मोहीम चालली. १९९५ नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही आणि २०११ मध्ये सारं जग तिच्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसरा रोग.

हगवण मात्र संपलेली नाही. रोटा आणि जनावरांतले कोरोना विषाणू आजही कोवळी वासरं नेतात. म्हणून वासरू जन्मलं की दोन तासांत त्याला पोटभर चीक पाजा; खरवस नंतर. हगवण लागलेलं वासरू वेगळं बांधा, डॉक्टरांना लगेच बोलवा.

अब्बा पुढे टोचणीच्या दिवशी आमची ढोरं सर्वांत आधी नेत. आजोबा मागून काठी टेकत यायचे. बोलत काहीच नसत.